बालविवाह थांबला, पण पुढे? हमीपत्रावर थांबू नका, मनाई हुकूम घ्या (नागपूर जिल्हा)

कन्हानकाठ

लगीनसराई सुरू झाली की इथे तोच प्रश्न येतो: गावात अल्पवयीन मुलीचं लग्न ठरलंय, कुणाला सांगू? उत्तरही ठरलेलं असतं, १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा. फोन करायचाच, त्यात वाद नाही. हा धागा फोननंतर काय करायचं यासाठी काढतोय, कारण हातात आलेलं काम तिथेच निसटतं.

बहुतेक ठिकाणी असं होतं. पथक मांडवात पोचतं, शाळेच्या दाखल्यावरून वय निघतं, आईवडील 'मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही' असं हमीपत्र लिहून देतात, सरपंच आणि पोलीस पाटील सह्या करतात, सगळे परततात. मग थोड्याच दिवसांत तेच लग्न मामाच्या गावी, नाहीतर हद्दीपलीकडे पांढुर्णा, सौंसर, शिवनीकडे नातलगांच्या अंगणात उरकलं जातं. नरखेड, सावनेर, पारशिवनी, रामटेक हे तालुके मध्य प्रदेशाला लागून आहेत आणि सोयरिकी दोन्हीकडे आहेत, त्यामुळे जागा बदलायला वेळ लागत नाही.

आता कायदा बघा. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ प्रमाणे मुलगी १८ च्या आत किंवा मुलगा २१ च्या आत असेल तर तो बालविवाह. तो लावणं गुन्हा आहे, पण एकदा लागलेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. कलम ३ प्रमाणे लग्नाच्या वेळी जी व्यक्ती अल्पवयीन होती तिने स्वतः न्यायालयात जाऊन ते रद्द करून घ्यावं लागतं. म्हणजे हमीपत्र मोडून लग्न लावलं तर आईवडिलांवर गुन्हा होईल, पण मुलगी मात्र त्या लग्नात अडकलेलीच राहते.

कलम १३ चा मनाई हुकूम असेल तर गोष्ट पार बदलते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने मनाई केल्यावर जे लग्न लावलं जाईल ते कलम १४ प्रमाणे मुळातच शून्य, कुठल्याही गावात लावलं तरी. तिला नंतर रद्द करून घेण्यासाठी झगडावं लागत नाही. शिवाय हुकूम मोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. (या तरतुदीत बाईला कैद नाही, दंड होऊ शकतो.)

अर्ज कोण करू शकतं? बालविवाह प्रतिबंध अधिकारी तर करतोच. ग्रामीण भागात हे काम ग्रामसेवकाकडे असतं, मदतीला अंगणवाडी सेविका. शहरात नागरी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे. पण लग्न ठरल्याची माहिती असलेली कुणीही व्यक्ती किंवा संस्था थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते, आणि न्यायालय विश्वसनीय बातमीवरून स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. समोरच्याला नोटीस देऊन ऐकून घेणं हा नियम आहे, तरी घाई असेल तर नोटिशीशिवाय अंतरिम मनाई देण्याचा अधिकार त्याच कलमात आहे. लग्न परवावर आलं असेल तर अर्जात ही मागणी ठळक लिहा. सुट्टी असली तरी रिमांडचं काम बघणारे न्यायदंडाधिकारी असतात, 'कोर्ट बंद आहे' म्हणून सोमवारची वाट बघू नका.

पर्णिका

खूप गरजेचा धागा. एक शंका: फोन करणाऱ्याचं नाव गावात फुटतं, म्हणून लोक गप्प बसतात. त्याचं काय?

कन्हानकाठ

पर्णिकाताई, १०९८ वर नाव न सांगता माहिती देता येते. ११२ वर तुमचा नंबर यंत्रणेकडे दिसतो, तेव्हा नाव उघड करू नका असं स्पष्ट सांगा. गावात नाव फुटतं ते बरेचदा दुसऱ्याच वाटेने: आधी चार जणांशी चर्चा, ग्रुपवर मेसेज, मग फोन. आधी फोन करा आणि कुणाशी बोलू नका.

फोनवर काय सांगायचं तेही महत्त्वाचं आहे. सुरुवात जिल्हा, तालुका, गाव आणि पोलीस ठाण्याने करा, म्हणजे माहिती योग्य ठिकाणी वळते. एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत सापडतात. नंतर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, घर ओळखायची खूण, शाळा आणि वर्ग, लग्नाची तारीख आणि वेळ, जागा, मुलाचं गाव. पत्रिका असेल तर फोटो. वय पक्कं माहीत नसेल तर 'नववीत शिकते' एवढं सांगितलं तरी चालतं, पडताळणी त्यांचं काम. फोनवर मिळालेला नोंद क्रमांक लिहून ठेवा, पुढे विचारपूस त्याच क्रमांकावर होते.

आणि वेळ. हळदीच्या दिवशी फोन आला तर मांडव पडलेला असतो, आचारी, बँड, पाहुणे, सगळा खर्च झालेला असतो, माणसं ऐकायच्या मनःस्थितीत नसतात. साक्षगंध झालं त्याच आठवड्यात फोन केला तर घरच्यांचं नुकसान कमी, राग कमी, आणि मनाई हुकमासाठी हातात दिवस मिळतात.

मास्तर_उमरेड

शाळेच्या बाजूने भर घालतो. खूण बहुधा शाळेतच आधी दिसते. संक्रांतीनंतर मुलगी सलग गैरहजर, नववीची परीक्षा संपताच टी.सी. ची मागणी, मैत्रिणींमध्ये साक्षगंधाची कुजबुज. टी.सी. मागायला आलेल्या पालकाला कुठल्या शाळेत घालणार हे विचारा आणि त्या शाळेत प्रवेश झाला का ते मुख्याध्यापकांनी फोनवर विचारून घ्या. एवढ्यानेही खूप काही कळतं.

वयाच्या पुराव्यासाठी दाखल खारीज रजिस्टरचा उतारा मागितला तर तो त्याच दिवशी द्यायचा. पहिलीतल्या प्रवेशाची मूळ नोंद, रजिस्टर क्रमांक, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. खाडाखोड असेल तर ती झाकू नका, उताऱ्यात तशी नोंद करा.

लग्न थांबल्यावर मुलगी शाळेत परत यायला हवी. गावात आठवीपर्यंतच शाळा आणि पुढची १२ किलोमीटरवर, हे शिक्षण सुटायचं मोठं कारण आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, शाळेने यादी आगारात पाठवायची असते. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचे अर्ज ठरावीक मुदतीत भरावे लागतात, मुदत गेली की वर्ष गेलं.

ॲडव्होकेट_सिव्हिललाइन्स

मास्तरांनी सांगितलेला उतारा लग्न थांबवायला आणि मनाई हुकमाला पुरतो, कारण तिथे प्रथमदर्शनी पुरावा लागतो. फौजदारी खटला चालणार असेल, विशेषतः पोक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), तर तेवढ्यावर विसंबू नका.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम दिलाय. आधी शाळेने दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावी बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीवरून वय. जुलै २०२३ च्या पी. युवाप्रकाश निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शाळेचा टी.सी. आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे या कलमातलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र नव्हे. तेही प्रकरण बालविवाहातूनच आलेलं होतं. तेव्हा पहिल्याच आठवड्यात जन्मदाखला काढून ठेवा. जन्म दवाखान्यात झाला असेल तर नोंद त्या गावच्या नव्हे, दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथल्या निबंधकाकडे असते. नागपूरच्या डागा, मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात जन्मलेल्या मुलीचा दाखला कुहीच्या ग्रामपंचायतीत शोधून सापडणार नाही.

जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. दोन्ही वाचा. जन्म पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा आणि नोंदणी गेल्या महिन्यातली असेल तर वय वाढवायला उशिरा नोंद केली असण्याची शक्यता धरा आणि शाळेच्या नोंदीशी ताडून बघा.

आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या दाखल्याला आधारपेक्षा वरचढ मानलं. तरी मांडवात आधारच पुढे केलं जातं, आणि त्यावरची तारीख मध्येच दुरुस्त केलेली असू शकते. हाडांच्या तपासणीत दोन्हीकडे दोन वर्षांपर्यंतचा फरक धरतात, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीबाबत ती तपासणी जवळजवळ निरुपयोगी. कागद मिळत असताना तपासणीला पाठवू नका.

बिछायतवाला_कळमेश्वर

आमच्या धंद्यातल्या लोकांना विचारायचं आहे. आम्ही मांडव टाकतो, भांडी देतो, वय विचारणं आमचं काम आहे का? आमच्यावर गुन्हा होतो का?

ॲडव्होकेट_सिव्हिललाइन्स

भाऊ, होऊ शकतो. बालविवाह कायद्याच्या कलम १० मध्ये लग्न लावणारा, चालवणारा किंवा त्याला मदत करणारा येतो: २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. 'हा बालविवाह नाही असं मानायला माझ्याकडे कारण होतं' हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर आहे. भटजी, भंतेजी, काझी, लॉनचे मालक, सगळ्यांनी हे वाचावं. कलम ११ मध्ये आईवडील, पालक, लग्नाला प्रोत्साहन देणारे आणि हजर राहणारेसुद्धा येतात. मूल अल्पवयीन निघालं की पालकाने निष्काळजीपणा केला असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायचं काम पालकाचं. या कलमातही बाईला कैद नाही. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

तुमच्यापुरता उपाय सोपा आहे. बयाणा घेतानाच दोघांचे जन्मदाखले किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघा, झेरॉक्स बुकिंगच्या पावतीला टाचून ठेवा. मुलीचं वय सगळे विचारतात, मुलाचं कुणी विचारत नाही. मुलगी १९ ची आणि मुलगा २० चा असला तरी तो बालविवाहच.

पर्णिका

आणि धर्म वेगळा असला तर? 'आमच्यात चालतं' असं ऐकवलं जातं.

ॲडव्होकेट_सिव्हिललाइन्स

२००६ च्या कायद्यातल्या बालकाच्या व्याख्येत धर्माचा अपवाद नाही आणि पोक्सोतही नाही. वयात आलेल्या मुस्लिम मुलीच्या विवाहाच्या वैधतेबद्दल उच्च न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि वैयक्तिक कायद्याचा हा प्रश्न ऑक्टोबर २०२४ च्या बालविवाहांवरच्या (वरच्या अपघात प्रकरणापेक्षा वेगळ्या) निकालातही सर्वोच्च न्यायालयाने अंतिमपणे सोडवला नाही. लग्न थांबवणाऱ्या अधिकाऱ्याने त्या वादात पडायचं कारण नाही. अर्ज, पुरावा, मनाई हुकूम, सगळ्यांसाठी एकच पद्धत.

मुख्यसेविका_ग्रामीण

लग्न थांबल्यानंतरच्या २४ तासांबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

लग्नाचा धोका असलेली मुलगी बाल न्याय अधिनियमाप्रमाणे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते. तिला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. मुलगी घरीच सुखरूप आहे म्हणून हे टाळलं जातं आणि प्रकरण कागदावर हमीपत्रापाशी संपतं. समितीपुढे गेलं की जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे गृहभेट आणि सामाजिक तपासणी अहवालाचं काम लागतं, पाठपुराव्याच्या तारखा पडतात. हमीपत्र घ्यायचंच असेल तर ते समितीच्या आदेशाचा भाग म्हणून घ्यावं.

मुलीला उचलून बालगृहात ठेवायचं, हा नियम नाही. संस्था हा शेवटचा पर्याय आहे असं कायदाच सांगतो. घरात मारहाण, डांबून ठेवणं, दुसरीकडे पाठवण्याची तयारी दिसली तरच.

मुलीशी बोलताना आईवडील, मामा, सरपंच खोलीत नकोत. त्यांच्यासमोर विचारलं तर ती 'माझी मर्जी आहे' असंच म्हणणार. बाई कर्मचारी, दार लोटलेलं, आणि पहिला प्रश्न लग्नाबद्दल नसावा. जेवलीस का, शाळा कधी सुटली, घरी कोण कोण आहे, इथून सुरुवात करा. मर्जीने केलं तरी १८ च्या आत ते बालविवाहच, हे तिला रागावून नव्हे, समजेल असं सांगा. आणि मारतात का, कुणी हात लावतो का, हे विचारल्याशिवाय उठू नका. लग्नाची घाई होण्यामागे कधी कधी घरातला किंवा शेजारचा अत्याचारच असतो, आणि तो नुसतं लग्न थांबवून थांबत नाही.

फोटो! मांडवातले फोटो ग्रुपवर टाकणं, गावाचं नाव आणि वडिलांचं नाव देऊन बातमी करणं, हा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कारवाई दाखवण्याच्या हौसेत मुलीचं नाव गावभर होतं आणि मग 'आता हिच्याशी कोण लग्न करणार' म्हणत घरचे आणखी घाई करतात. ही चूक आपल्याच लोकांकडून होते म्हणून जास्त टोचते.

कन्हानकाठ

बाईंच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. अक्षय तृतीयेबाबत एक गोष्ट राहिली: अशा दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, स्वतःच बालविवाह प्रतिबंध अधिकारी मानले जातात आणि गरजेपुरतं बळ वापरून लग्नं थांबवू शकतात. ग्रामसेवक प्रतिसाद देत नसेल तर त्या दिवशी तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला सरळ कळवा.

शांता_हिंगणा

लग्न थांबवण्याबद्दल सगळं आलं, पण लागून गेलेलं असेल तर? मुलगी १७ ची, सासरी आहे, चार महिन्यांची गरोदर, नवरा आणि सासू मारतात. माहेरचे न्यायला तयार नाहीत. अशा मुलीसाठी काय काय करता येतं ते कुणी क्रमाने सांगाल का?

ॲडव्होकेट_सिव्हिललाइन्स

शांताताई, आधी तिची सुरक्षितता, मग दवाखाना, मग न्यायालय.

मार चालू असेल तर ११२. राहायला जागा नसेल तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा १०९८. १८ च्या आत असल्याने बालकल्याण समिती तिच्या निवाऱ्याचा आदेश देते. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलीस आणि कायद्याचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. शहरात पोलिसांचा भरोसा सेलही (महिला आणि मुलांसाठीचा कक्ष) आहे. समुपदेशन तिच्या इच्छेने. 'आधी समुपदेशनाच्या तारखा करा, मग तक्रार घेऊ' असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर. मारहाण, छळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये येतं, पूर्वीचं ४९८-अ. लग्न मध्य प्रदेशात झालं असलं आणि ती नागपुरात आश्रयाला आली असली तरी तक्रार इथे देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केलंय. ठाणेदाराने नोंद घ्यायला नकार दिला तर तक्रार लेखी, रजिस्टर्ड पोस्टाने: शहरात पोलीस उपायुक्तांकडे, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांकडे. पोचपावती जपा. तरीही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची सीआरपीसी) कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज, त्याला शपथपत्र आणि ती पोचपावती लागते.

आता अवघड भाग. १८ च्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑक्टोबर २०१७ च्या इंडिपेंडंट थॉट निकालापासून ठरलंय आणि नव्या न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये १८ हेच वय आहे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. दवाखान्यात गेलं की पोलीस येणार हे मुलीला आधीच, समजुतीने सांगा.

आरोग्यसेवक_काटोल

वकीलसाहेब, इथे थोडं थांबा. या भीतीपोटी मुली दवाखान्यातच येत नाहीत. नाव नोंदवायला आली की वय १९ सांगतात, नाहीतर घरीच बाळंतपण करतात. सतरा वर्षांच्या मुलीला रक्ताक्षय असतो, रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका असतो, कंबर अरुंद असल्याने प्रसूती अडते. कायदा लावताना मुलगी जगली पाहिजे हे आधी.

ॲडव्होकेट_सिव्हिललाइन्स

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि कायद्यात त्याला थोडी जागाही आहे. एक तर पोलीस केस झाली नाही म्हणून कुठलाही दवाखाना, सरकारी असो की खाजगी, उपचार नाकारू शकत नाही. अत्याचारग्रस्तेला मोफत प्राथमिक उपचार देणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे बंधन आहे. दुसरं, गर्भपाताबाबत २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोक्सोची माहिती देताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. हे गर्भपातापुरतं आहे, बाळंतपणाला तसंच लागू असं समजू नका.

चार महिने म्हणजे साधारण १६ ते १८ आठवडे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं. अल्पवयीन मुली या दुसऱ्या गटात बसतात. तिची इच्छा आणि पालकाची लेखी संमती हवी. नवऱ्याची संमती लागत नाही. २४ आठवड्यांनंतर बहुधा उच्च न्यायालयात, आपल्याकडे नागपूर खंडपीठात, जावं लागतं. म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' असं करू नका. ठेवायचं की नाही हे तिला विचारा, तिच्यासाठी ठरवू नका.

जबाबाबद्दल: पोक्सोत मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मदतीच्या रकमेसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

शांता_हिंगणा

आणि लग्न रद्द करायचं तर मारहाणीचा दावा चालतो का? रद्द झालं तर पोटगी जाते असं माहेरचे म्हणतात.

ॲडव्होकेट_सिव्हिललाइन्स

हा गैरसमज जुना आहे. बालविवाह कायद्याच्या कलम ४ प्रमाणे लग्न रद्द करताना न्यायालय तिच्या पुनर्विवाहापर्यंत देखभाल खर्च आणि राहण्याची सोय याचा आदेश देऊ शकतं, आणि मुलगा स्वतः अल्पवयीन असेल तर त्याच्या आईवडिलांना तो भरावा लागतो. मूल झालं असेल तर ते औरस, त्याचा ताबा आणि खर्च कलम ५ मध्ये. लग्नात दिलेले दागिने, वस्तू, पैसे परत करायचे आदेशही रद्द करतानाच होतात. म्हणून दागिन्यांची यादी, बिलं, लग्नाचे फोटो, पत्रिका अर्जासोबत जोडा.

मुदत पक्की लक्षात ठेवा: मुलीला २० वर्षे पूर्ण होण्याआधी अर्ज दाखल झाला पाहिजे. अजून १८ ची नसेल तर पालक किंवा वादमित्रामार्फत (तिच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती), बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याला सोबत घेऊन. नागपूर शहरात कौटुंबिक न्यायालय, जिथे त्याची हद्द नाही तिथे जिल्हा न्यायालय. मुलगी सध्या जिथे राहते तिथेही अर्ज चालतो, सासरच्या गावी जायची गरज नाही. हिंदू विवाह कायद्यात आणखी एक वाट आहे: लग्न १५ च्या आत झालं आणि मुलीने १५ ते १८ दरम्यान ते नाकारलं तर त्यावर घटस्फोट मागता येतो. नाकारल्याचा लेखी पुरावा, निदान रजिस्टर्ड पत्र, तेव्हाच करून ठेवा.

रद्द होईपर्यंत ती कायद्याने पत्नी आहे, म्हणून कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चे सगळे हक्क तिला आहेत. संरक्षण, राहण्याचा हक्क, पैसे, ताबा, भरपाई, सगळं एकाच अर्जात मागता येतं. कलम १२ चा अर्ज तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र पहिल्याच दिवशी जोडा. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, असला तर चांगलंच, पण तो नाही म्हणून अर्ज अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या प्रभा त्यागी निकालात हे स्पष्ट झालंय. पैसे मागताना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र लागतं, ते नसल्याने कितीतरी अर्ज पडून राहतात.

वकिलाचे पैसे नसतील तर बाई किंवा बालक असणं एवढंच पुरेसं, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुक्याची विधी सेवा समिती, फोन १५१००.

मास्तर_उमरेड

मनाई हुकमाच्या अर्जाचा नमुना कुणी टाकेल का? ग्रामसेवक 'नमुना द्या, सही करतो' म्हणतात.

कन्हानकाठ

घ्या. आपापल्या प्रकरणाप्रमाणे बदला.

'मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय, (तालुका), जि. नागपूर. विषय: बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चे कलम १३ अन्वये मनाई हुकूम मिळणेबाबत. कु. (नाव), जन्मतारीख (तारीख), रा. (गाव), हिचा विवाह (मुलाचे नाव, वय, गाव) याच्याशी दि. (तारीख) रोजी (ठिकाण) येथे ठरला असल्याची खात्रीलायक माहिती आहे. मुलीचे वय आज रोजी (वर्षे, महिने) असून ती दि. (तारीख) रोजी १८ वर्षे पूर्ण करील. पुरावा म्हणून शाळेचा उतारा, जन्मदाखला व पत्रिकेची प्रत जोडली आहे. विवाहास (दिवस) उरले असल्याने नोटिशीपूर्वी अंतरिम मनाई हुकूम व्हावा. गैरअर्जदार क्र. १ ते (क्रमांक) यांनी सदर मुलीचा विवाह वरील तारखेपर्यंत कोणत्याही ठिकाणी, राज्याबाहेरही, कोणाशीही लावू नये, असा आदेश व्हावा.'

गैरअर्जदारांत फक्त वडिलांचं नाव घालू नका. आई, मामा, काका, मुलगा, मुलाचे आईवडील, लग्न लावणारा, लॉनचा मालक, सगळे घाला. आणि 'कोणत्याही ठिकाणी, कोणाशीही' हे शब्द गाळू नका. 'दि. अमुक रोजीचा विवाह' एवढंच लिहिलं तर समोरचे तारीख नाहीतर नवरा मुलगा बदलून मोकळे होतात.

मुख्यसेविका_ग्रामीण

हुकूम झाला की साक्षांकित प्रती काढा: आपल्या पोलीस ठाण्याला, मुलाच्या गावच्या ठाण्याला, दोन्ही ग्रामपंचायतींना, बालकल्याण समितीला आणि मुलीच्या शाळेला. मुलाचं गाव मध्य प्रदेशात असेल तर तिथल्या ठाण्याला आणि महिला बालविकास कार्यालयाला हिंदी अनुवाद जोडून पाठवा. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. एक प्रत मुलीलाही वाचून दाखवा.

मास्तर_उमरेड

मिळालं. उद्या सकाळी उतारा आणि जन्मदाखल्याची प्रत घेऊन ग्रामसेवकांकडे जातो, अर्ज दुपारपर्यंत उमरेडच्या न्यायालयात लागावा असा प्रयत्न आहे. नोंद क्रमांक इथे टाकणार नाही, मुलीची ओळख निघेल.